नववा शब्द

मुबीनचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि आईच्या भिशीतल्या बायकांना बिटकॉइन शिकवायची हौसही त्यालाच. त्या सगळ्या त्याच्या खाला, म्हणजे मावश्या. "नाणं फोनात नसतंय खाला, फोन नुसती खिडकी. हे बारा इंग्रजी शब्द म्हंजे किल्ली. शब्द ज्याच्याकडं, नाणं त्याचं. भाव आज चढंल, उद्या आपटंल, म्हणून बुडाले तरी चालतील एवढंच पैसे घाला. आन् शब्द कुणाला सांगू नका, मलाबी न्हाय."

बायकांनी भिशीचे थोडे पैसे त्यात घातले. पण भिशीची किल्ली एकटीच्या हाती द्यायची रीत नाही. बाराजणींनी बारा शब्द आपसांत वाटून घेतले, भिशी ज्या क्रमानं लागायची त्याच क्रमानं. अर्थ कुणाला ठाऊक! पोरं पाढे घोकतात तसा प्रत्येकीनं आपापला घोकला. जिचा शब्द हरवेल तिचा वाटा गेला, असा नियमही ठरला. मुबीननं कपाळाला हात लावला.

नववा शब्द शमशादचा. ती आजारी पडली तेव्हा दवाखान्यात तिनं कौसरचा, म्हणजे मुबीनच्या आईचा, हात धरून शब्द कानात सांगितला. पुन्हा पुन्हा सांगितला. कौसर मान डोलवत राहिली, पण सगळं लक्ष शेवटच्या सिटीबसकडं. घरी पोचेपर्यंत शब्द उडाला. उद्या विचारू म्हणाली, आणि शमशादला तो उद्या मिळालाच नाही.

पुढं कौसरचा फोन धुण्याच्या बादलीत पडला. भिशीच्या नाण्यांची खिडकी त्याच फोनात होती. बायका कौसरच्या घरी जमल्या, आता त्याला सांगण्यावाचून इलाज नव्हता; मुबीन नवा फोन घेऊन एकेकीचा शब्द टिपू लागला. आठवा झाला आणि सगळ्या कौसरकडं बघू लागल्या; शमशादला दवाखान्यात शेवटचं भेटून आलेली तीच.

"मला न्हाय काय सांगितलं तिनं," कौसर बोलून गेली. मेलेल्या माणसाला तोंड नसतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती बोलू शकली.

भिशीतल्या मथुराबाईंनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "लई आतल्या गाठीची हुती. जाताना संगं घिऊन गेली की!" आईच्या जागी आलेली शमशादची मुलगी आरजू खाली मान घालून ऐकत होती.

मुबीन म्हणाला, "एकच कमी हाय न्हवं? शब्दांची यादी ठरलेली असती, दोनेक हजारांची. एकेक लावून बघतो." संध्याकाळपर्यंत शब्द सापडला. भावही चढलेला होता; नाणी विकून वाटे केले, पेढे वाटले गेले. नियमाप्रमाणं आरजूचा वाटा तेवढा कापला. त्यात तिची नर्सिंगची फी निघाली असती. कौसरनं आपला पेढा तसाच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं आपला वाटा आरजूपुढं नेऊन ठेवला. "तुझ्या फीला घे, बाळ."

आरजूनं पैशांना हात लावला नाही. "अम्मीनं तुमाला शब्द सांगितला तवा मी पलंगामागंच हुते, खाला. मला पाठ हाय तो."

कौसरनं विचारलं, "मग काल बोलली का न्हाईस गं?"

"बोलले आसते तर तुमी सगळ्यांत खोट्या पडला आसता. अम्मी तुमाला बहीण मानायची."

शरमेनं कौसरला आरजूकडं बघवेना. ती उठली, पण घरी गेली नाही. तडक मथुराबाईंच्या दारात उभी राहिली.

"शमशाद सांगून गेली हुती. इसरले मी, आन् वर खोटं बोलले. बाकीच्यांनाबी बोलवा, सगळ्यांम्होरं सांगते."