तळ्याकाठी दिवे आले

“तळ्याच्या रस्त्यावर ज्यांना दिवे हवेत त्यांनी हात वर करा,” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, आणि सर्वांत आधी वर गेला तो काकूंचा हात. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्याचं काम त्यांनी हसतमुखाने उरकलं.

काकू इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करत. दिवसभर त्या एका जागी उभ्या, आणि चादरी आपल्या चालल्याहेत पुढे. म्हणून पहाटे, जग घोरत असताना, मुलाने टाकून दिलेले बूट घालून त्या तळ्याकाठच्या काळोखात पळत. पळत हं, चालत नव्हे. जरा वेळाने पाय कुठे संपले आणि रस्ता कुठे सुरू झाला हेच कळेनासं होई. पाण्याचा गार वास अंगातून आरपार जाई. वय, गुडघे, सूनबाई, सगळी मंडळी मागे कुठेतरी दमून बसत.

घरी या पळण्याचा पत्ता नव्हता. पळणाऱ्या बाईला लोक दोनच गोष्टी विचारतात: काय झालं, आणि कोण गेलं?

“एवढी चालायला जातेस,” त्यांचे यजमान, म्हणजे काका, म्हणत, “वजन मात्र घरीच ठेवून जातेस.”

सभेत हात वर केला नसता, तर काळोख कशाला हवा ते सांगावं लागलं असतं.

दिवे आले. नगरपालिकेने आयुष्यात पहिल्यांदाच एक काम वेळेआधी संपवलं.

पहिल्या पहाटे काकू अगदी सभ्यपणे चालत निघाल्या. पण पाय दाव्याला हिसके देणाऱ्या वासरासारखे ओढ घेत होते. थोडं पुढे गेल्यावर पाहतात तो काय, त्या पळत होत्या.

“काकू! अहो काकू!” दिव्यांची पाहणी करत सेक्रेटरी समोरून येत होते. “काय झालं? काका बरे आहेत ना?”

“घोरताहेत.”

“मग पळताय कशाला?”

गॅस चालू राहिला, किल्ली विसरले, अशी दोन-तीन उत्तरं जिभेवर आली. काकूंनी ती गिळली.

“आवडतं मला.”

मोटारीला वाट द्यावी तसे सेक्रेटरी बाजूला झाले.

काकू पळाल्या. पांढरे केस, भिजलेली पाठ, उजेडाने काही म्हणजे काही लपवलं नाही. वर तारे तेवढे दिसेनासे झाले होते. खांब मागे पडला की त्यांची सावली पायांखालून सुटून पुढे पळू लागे, लांब लांब होत जाणारी, सडपातळ, बिनवयाची. काकू तिच्या मागे पळत राहिल्या.