उजव्या बरगडीखाली

मी शेकायची पिशवी बोलतेय. लाल रबराची, अंगावर बारीक रेघा, तोंडाला काळं बूच. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, कपाटाच्या तळाशी पडलेली, कोणाची तरी कंबर धरेपर्यंत विसरलेली. मला या घरात कोणी विसरलं नाही. विसरले असते तर बरं झालं असतं, असं आज पहिल्यांदाच वाटतंय.

आत्ता मी ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात पलंगावर पडून आहे. माझ्या पोटात गार पाणी आहे. बाहेरच्या खोलीत तिळगुळाचं ताट उघडंच राहिलंय आणि दाराला कुलूप आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते पडाव भागातलं औषधांचं दुकान. तिथे मी खोक्यात घडी होऊन बरेच दिवस धूळ खात होते. एकदा कंबर धरून वाकलेले एक गृहस्थ आले. ते लक्ष्मीकांतराव. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बोलण्यात नेमके, दुखण्यात मात्र अगदी लहान मुलासारखे. दुकानदाराने मला फुगवून दाखवलं आणि म्हणाला, "बाबूजी, गारंटी कोई नहीं है, पर धोखा नहीं देगी." मला त्याचं बोलणं फार आवडलं होतं.

घरी लक्ष्मीकांतरावांच्या पत्नीने, शामलाताईंनी, जुन्या इरकली साडीचा तुकडा कापून मला खोळ शिवली. त्या शाळेत गाणं शिकवत. खोळीला टाके घालतानासुद्धा गुणगुणत होत्या. त्यांची मुलगी श्रुती घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करते. ती मला बघून हसली होती, "आई, तू तर इसको दुल्हन बना दिया."

लक्ष्मीकांतरावांची कंबर व्यायामाने सुधारली आणि मी कपाटात गेले. मग एका दुपारी शामलाताईंनी मला बाहेर काढलं. मे महिना होता. ग्वाल्हेरचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. कूलर धडधडत होता, तरी भिंतींतून वाफा येत होत्या. अशा उन्हात त्यांनी माझ्यात उकळीचं पाणी भरलं आणि मला पोटाशी धरून त्या आडव्या झाल्या.

"अगं, या गरमीत शेक?" लक्ष्मीकांतराव हसले.

"जरा पित्त झालंय," शामलाताई म्हणाल्या.

मी कंबरेची दुखणी ओळखते. ती सरळ असतात. कुठे दुखतंय ते सांगतात, शेकलं की सैल पडतात. हे दुखणं तसं नव्हतं. उजव्या बरगडीखाली, पोटाच्या वरच्या भागात, ते खोल दडून बसलेलं असे. माझ्या रबराला ते आधी कळायचं. तिथले स्नायू पाटीसारखे घट्ट व्हायचे. श्वास आत जायचा आणि अर्ध्यातच अडायचा, कारण पूर्ण घेतला की आतली दुखरी जागा दाबली जायची.

काही दिवस नुसतं जड वाटे, ओल्या कपड्यांची बादली पोटात ठेवल्यासारखं. तेव्हा शामलाताई चालत-बोलत, कुकर लावत, शाळेतही जात. मग कधी जेवणानंतर, तर कधी काहीच कारण नसताना ते वाढायचं. मुरड्यासारखं येऊन ओसरायचं नाही. एकदा चढलं की चढूनच राहायचं. तिथून ते पाठीत शिरे आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली जाऊन रुतून बसे. उजव्या कुशीवर झोपता येत नसे, उताणं राहवत नसे. त्या उठून बसत, पुढे वाकत आणि मला पोट नि मांड्यांच्या मध्ये दाबून धरत. तोंडाला कडू पाणी सुटे. "ये गं बाई, बस जरा," असं त्या मला म्हणत, जणू मी गप्पा मारायला आलेली शेजारीण.

आता ते 'पित्त'. मराठी घरात या एका शब्दाच्या पोटात काय काय मावतं! छातीत जळजळलं की पित्त, डोकं चढलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. घरात कोणी विचारायचं नाही, की कुठलं पित्त? सगळ्यांना सगळं समजलेलं असतं. शामलाताईंनी थंड दूध घेतलं, आवळासुपारी चघळली, मोरावळा खाल्ला. पुढे अंगाला खाज सुटली. गांध एकही नव्हती, नुसतीच खाज, तळहातांना आणि तळपायांना जास्त. "पित्त उठलंय," लक्ष्मीकांतरावांनी निदान केलं आणि स्वतः आमसुलं भिजत घातली. किती प्रेमाने त्यांनी तो कोळ बायकोच्या हातापायांना चोळला, मी बघत होते. खाज कमी झाली नाही.

मग श्रुती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. जाताना मीही पिशवीत होते. डॉक्टर हिंदी बोलणारे. त्यांनी विचारलं, "दर्द कैसा है? जलता है? चुभता है?"

शामलाताई विचारात पडल्या. त्यांच्या दुखण्याचे शब्द सगळे मराठी होते. "रुततं" हिंदीत कसं सांगायचं? "कळ आती है," त्या म्हणाल्या.

"कल आया था? आज नहीं?"

श्रुतीला हसू आलं. तिने आईची सुटका केली. "डॉक्टर साहब, मम्मी को पित्त का है. मतलब एसिडिटी."

झालं. घरातला शब्द हिंदीत गेला आणि वाटेत त्याचा अर्थ सांडला. डॉक्टरांनी ॲसिडिटीचं औषध दिलं. त्यांना जे सांगितलं त्याचंच त्यांनी दिलं. शामलाताई गुलाबी औषध घेत राहिल्या, मी शेक देत राहिले आणि माझ्या उबेने त्यांना दर वेळी थोडं बरं वाटत राहिलं. त्या थोड्या बऱ्यावर महिने निघून गेले.

डोळे पिवळे झाले तेव्हा सगळे धावले. मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या, मीही सोबत होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर झाडासारखं चित्र काढून समजावलं. यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या आतून सुजतायत, व्रण धरून बारीक होतायत. आजार जुना आहे, हळूहळू चालणारा आहे. मुळापासून जाणार नाही, सांभाळावा लागेल. "पित्त की नली की बीमारी है," त्या म्हणाल्या.

"म्हणजे पित्तच ना?" लक्ष्मीकांतराव म्हणाले. "आम्ही तर पहिल्यापासून तेच सांगून राहिलो होतो."

श्रुतीने खाली बघितलं.

बारीक झालेल्या नळीत आणखी एक नळी सरकवून वाट मोकळी केली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही समोर बसवलं. "दर्द आता-जाता रहेगा. पर अगर दर्द के साथ ठंड लगकर बुखार आए, आँखें पीली दिखें, तो एक घंटा भी मत रुकना. नली बंद होकर अंदर इन्फेक्शन हुआ, तो जान पर बन आती है." तिघांनीही माना हलवल्या. मीही ऐकलं, पण मला मान नाही.

त्यानंतरचं वर्ष बरं-वाईट गेलं. शामलाताईंची एक सवय मला आवडत नसे. दुखलं तरी त्या सांगत नसत. नुसतं "दुखतंय" म्हटलं की श्रुती लॅपटॉप मिटायची आणि लक्ष्मीकांतराव चपला शोधायला लागायचे. त्या दोघांचे चेहरे बघणं त्यांना दुखण्यापेक्षा जड जायचं. म्हणून त्या मला घेऊन आतल्या खोलीत येत. बाहेर कोणी विचारलं तर, "काही नाही, पडलेय जरा."

या जानेवारीत थंडी कडक पडली. दुपार झाली तरी धुकं हलत नाही, सूर्य दिसलाच तर दुधाच्या डागासारखा. अशा दिवसांत मला घेऊन बसलेल्या बाईला कोण काय विचारणार? घरोघरी शेकोट्या आणि रजया. संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं होतं. मागच्या वर्षी इस्पितळामुळे राहिलं होतं, म्हणून यंदा शामलाताईंनी ओळखीच्या सगळ्या मराठी घरी फोन केले. पण दोन दिवसांपासून बरगडीखालचा तो स्नायू पुन्हा पाटीसारखा झाला होता. काल अन्न गेलं नाही. आज सकाळी मला पोटाशी धरून त्या पुटपुटल्या, "एवढं हळदीकुंकू होऊ दे बाई, मग सांगते."

मला सगळं कळत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. याहून वाईट काय असेल?

दुपारी बायका जमल्या. बाहेर हसणं चाललं होतं. वरच्या मजल्यावरच्या सीमंतिनीवहिनींनी शामलाताईंच्या गालांना हळद लावली असावी, कारण आवाज आला, "शामलाताई, हात किती कापतायत हो तुमचे!"

"थंडी आहे ना," शामलाताई म्हणाल्या. थंडी खरंच होती. सगळ्यांनी मान्य केलं.

थोड्या वेळाने त्या आत आल्या आणि मला घेऊन रजईत शिरल्या. माझ्यात सकाळचं पाणी होतं, पार गार झालेलं. त्यांना ते कळलंच नाही. त्या अशा कापत होत्या की पलंग करकरत होता. दात वाजू नयेत म्हणून त्यांनी पदर तोंडात धरला होता. बरगडीखालचं दुखणं आता नुसतं दडून बसलेलं नव्हतं. प्रत्येक श्वासाला ते उसळून येत होतं.

लक्ष्मीकांतराव डोकावले. रजईत हात घालून त्यांनी माझ्या खोळीला आणि बायकोच्या पोटाला हात लावला. "अगं, केवढं कढत पाणी भरलंस! पोळेल ना!"

"थंडी वाजत होती," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या.

"बरं, पड जरा. मी बघतो बाहेरचं." त्यांनी रजई नीट सारखी केली आणि दार ओढून घेतलं.

मला किंचाळावंसं वाटलं. अहो, मी गार आहे! ते तापलेलं पोट माझ्यामुळे नाही! आज मी त्यांना शेकत नव्हते, त्याच मला शेकत होत्या.

जमलेल्या बायका गेल्यावर श्रुती आत आली. "आई, दे इकडे, गरम पानी भर दूँ." तिने मला उचललं आणि ती थबकली. माझी एक बाजू कढत होती, दुसरी बर्फासारखी. तिने मोरीत नेऊन बूच उघडलं, थोडं पाणी तळहातावर ओतलं आणि बूच पुन्हा लावलं. मग ती पळतच परत आली.

"आई, डोळे उघड. उघड ना गं!"

शामलाताईंनी डोळे उघडले. गालावर हळद होती. डोळे त्याच रंगाचे होते.

"बाबा!" श्रुती ओरडली. "गाड़ी निकालो! अभी!"

"अगं, दाना ओली मोहल्ल्यातल्या मंदाताई यायच्यात अजून," शामलाताई म्हणाल्या. पण ते शब्द तिथल्या तिथे विरले. त्या दोघांनी त्यांना धरून, जवळजवळ उचलूनच, जिना उतरवला. श्रुतीने मला पलंगावर टाकलं होतं, ती तशीच मी पडून आहे. खाली गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. नंतर मंदाताई येऊन दार वाजवून गेल्या.

ऐका, कधी मला हातात घ्याल तर एवढं लक्षात ठेवा. मी बरं वाटावं म्हणून आहे, बरं करणं माझ्या हातात नाही. घरातलं माणूस मला कवटाळून सारखं बसायला लागलं, तर पाणी किती गरम आहे ते विचारू नका, त्याला काय होतंय ते विचारा. "पित्त झालंय" म्हणालं तर पुन्हा विचारा. आणि कधीतरी माझ्यावरही हात ठेवून बघा, मी खरंच गरम आहे का.

संध्याकाळ होत आली असावी, खिडकी राखाडी झालीये. कुलूप अजून उघडलेलं नाही. माझ्या खोळीच्या एका बाजूला थोडी ऊब आहे. ती माझी नाही, शामलाताईंची आहे. आणि तीही आता निवत चाललीये.