दोरावर दोन बोटं

"पाय उचलू नकोस ग! घासत ने, घासत!"

"घासतेच आहे. फरशी पुसत निघाल्यासारखी चाललेय, अजून काय करू?"

"चिखलात दडलेल्या पाकटावर पाय पडून त्याचा काटा घुसला ना, की फरशीबिरशी सगळी विसरशील."

एवारिस्तो पुढे आणि एर्लिंदा मागे. मुलाची जुनी रबरी विजार तिला छातीपर्यंत आली होती आणि तिच्यात ती पोत्यात भरल्यासारखी दिसत होती. पाणी मांड्यांपर्यंत. उत्तरेच्या वाऱ्यानं गावाजवळची बाफिनची उथळ खाडी घुसळून काढली होती. आज वारा पडला होता, पण पाणी अजून चहासारखं गढूळ होतं आणि गारठा हाडात शिरत होता.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं या पाण्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. खाडी त्याची, शिलाई मशीन तिचं. तो जन्मभर हौशी लोकांना होडीतून घेऊन जायचा आणि मासे कुठे असतात ते दाखवायचा. ती गावातल्या पोरींचे लग्नाचे आणि पंधराव्या वाढदिवसाचे झगे शिवायची. मासा घरी आला की तळायचा, एवढाच तिचा माशांशी संबंध.

पण साखरेच्या दुखण्यानं एवारिस्तोची बोटं बधिर झाली होती. थंडीतली मासेमारी तर सगळी बोटांवरच. दोराच्या टोकाला बांधलेला खोटा मासा ना बुडतो ना तरंगतो, मधल्यामधे लोंबकळत राहतो. चिखलात सुस्तावलेला मोठा ट्राउट त्याच्यावर झेप घेत नाही, नुसता तोंडात धरून बघतो. वर काठी धरलेल्याला टिचकीएवढं जाणवतं. तेवढ्यात खेचलं तर मासा, नाहीतर हरी हरी. "बोटांनी ऐका," असं गिऱ्हाइकांना सांगता सांगता ज्याचे केस पिकले, त्याला या हिवाळ्यात एकही मासा ऐकू आला नव्हता.

काल अंगणात त्यानं मासेमारीतल्या जुन्या दोस्ताला, तोरिबियोला, सांगून टाकलं होतं, "उद्या शेवटचं. उद्याही हाताला काही कळलं नाही, तर होडी तू घेऊन जा." तोरिबियो आधी हसला आणि मग रुमाल काढून उगाच नाक पुसत बसला. खिडकीशी काजं करत बसलेल्या एर्लिंदाला सगळं ऐकू आलं. हा घरी बसला तर काय होईल, हे तिला दिसत होतं. आधी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करील, मग तिचं मशीन खोलून ठेवील आणि त्यानंतर नुसता भिंतीकडे बघत राहील. त्या भिंतीची तिला भीती वाटली. म्हणून सकाळी राजम्याचे टाको बांधून ती न विचारताच होडीत जाऊन बसली.

होडी नांगरून तिघं पाण्यात उतरली होती. लांब डावीकडे तोरिबियोनं दुसरा मासा काढला आणि कोंबड्यासारखा आरवला. एवारिस्तोनं काठी फिरवली. खोटा मासा लांब पडला. थांबला, एक हलका झटका, पुन्हा थांबला. पाण्यावरचा ढिला दोर किंचित उडालेला एर्लिंदानं पाहिला.

"अरे, आत्ता..."

"गवत असेल."

"गवत नव्हतं."

त्यानं दोर गुंडाळला. खोट्या माशाच्या मऊ पाठीवर दातांच्या ताज्या खुणा होत्या. त्यांच्यावरून त्यानं बधिर अंगठा फिरवला, आणि तेच तिला सोसेना. ती पाय घासत त्याला खेटून उभी राहिली आणि रिळाच्या पुढे ताणलेला दोर तिनं दोन बोटांत हलकेच धरला.

"हे काय? टीप घालतेयस?"

"तू काठी सांभाळ. टाक."

"आजवर असं कुणी मासे धरले नाहीत."

"आजवर तू मला आणलंच कुठे होतंस?"

तोरिबियोनं लांबून पाहिलं. एर्लिंदाच्या मुलाला त्यानं बाप्तिस्म्याला हातात घेतलं होतं, त्या धर्मनात्यानं तेव्हापासून तो तिला कोमाद्रे म्हणे, ती त्याला कोम्पाद्रे, आणि तो अदबीनं टोमणे मारी. "कोमाद्रे, नवरा बुडेल म्हणून धरून ठेवलाय का?"

"बुडला तर तुमचंच फावेल की, कोम्पाद्रे! होडी नाहीतरी तुमच्याच नावावर झालीय!"

तोरिबियोनं पाठ फिरवून आपला गळ पुन्हा लांब फेकला.

झटका, थांबणं. झटका, थांबणं. बोटं गारठली, तरी जन्मभर ती याच कामाला जुंपलेली होती. झिरझिरीत जाळीच्या कापडात सुई खालच्या पदराला लागली की तिला न बघता कळायचं. आणि तसंच कळलं. कुणीतरी पलीकडून दोर चिमटीत धरून सोडावा, तसं.

"खेच!"

त्यानं खेचलं आणि काठी कमानीसारखी वाकली. "धर मला!" असं म्हणत तो हसायला लागला. तिनं त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. रीळ करकरत होतं. तोरिबियो पाकटांची पर्वा न करता तंगड्या टाकत धावत आला.

लांबलचक, जाड, पोटात अंडी भरलेली मादी. अशी सोडूनच द्यायची, हा एवारिस्तोचा नेम होता. त्यानं हात ओले करून गळ काढला आणि एर्लिंदाकडे पाहिलं.

"मला नाही कळली, एर्ली. तुला कळली."

"मग? एका घरातलीच आहेत ना चारी हातांची बोटं? रविवारी पुन्हा येऊ. झगे थांबतील."

"होडी..." तो तोरिबियोकडे वळला.

"तुझी गळकी होडी हवीय कुणाला?" तोरिबियो म्हणाला आणि पुन्हा नाक पुसत आपल्या जागेकडे निघाला.

एवारिस्तोनं वाकून मासा पाण्याखाली धरला, एक हात पोटाखाली, एक शेपटीपाशी. "दमलीय बिचारी. लगेच सोडली तर पोट वर करून तरंगेल." डोळे मिटून तो पुटपुटला, "उपकार झाले हं, आजीबाई."

त्याच्या कोपरापाशी गढूळ पाणी ढवळलं. एक ठिपक्यांची पाठ क्षणभर वर आली आणि खोल पाण्याकडे निघून गेली. एर्लिंदानं ती जाताना पाहिली. एवारिस्तोचे हात मात्र पाण्याखाली तसेच होते, रिकामे पण जपून धरलेले, आणि चेहऱ्यावर गाढ समाधान होतं. ही सकाळ मिळाली, हा माणूस मिळाला, खूप मिळालं, असं तिला वाटलं.

"अजून दम खातेय," तो म्हणाला.

"खाऊ दे," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

ती वाकली आणि त्या गार पाण्यात तिनं आपले हात त्याच्या हातांखाली धरले. दोघं तशीच थांबली.

"आता सोड," बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

त्यानं हळूच ओंजळ उघडली. "गेली?"

"गेली."

"जाताना शेपटीचा फटका काय मारला, बघितलास?"

"बघितला ना," एर्लिंदा म्हणाली.