यारेलिसचा होकार

सगळा वर्ग हसला तेव्हा यारेलिसही हसली, फक्त जरा उशिरा. मूत्रपिंडाची आकृती काढता काढता प्राध्यापिका बेन्गोचेआ स्पॅनिशमध्ये काहीतरी चावट बोलून गेल्या होत्या. काय ते देवाला ठाऊक. शेजारच्या सुलेय्कानं तिला कोपरानं ढोसून विचारलं, कळलं का? यारेलिसनं मान हलवली. हो, हो.

या एवढ्याशा भांडवलावर तिनं पोर्तो रिकोतलं पहिलं सत्र काढलं होतं आणि दुसरंही ढकलत आणलं होतं. कोणी काही बोललं की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, तो हसला तर हसायचं, गंभीर झाला तर भुवया जवळ घ्यायच्या, आणि थांबला की हो म्हणायचं. लोक तेवढ्यावर खूश असतात. आपलं बोलणं समोरच्याला खरंच पोचलं का, हे तपासून बघण्याची सवड कोणाला असते?

तिची आई इथलीच, मायाग्वेस गावची. लेक मात्र वाढली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या गारठ्यात. आपल्या उच्चारांना लोक हसतात तसं पोरीला हसू नयेत म्हणून आईनं घरात स्पॅनिशला जवळजवळ बंदीच घातली होती. स्वयंपाकघरापुरती तेवढी उरली. मीठ दे, दार लाव, जेवून घे. आणि कॉलेजची वेळ आली तेव्हा त्याच आईनं तिला विमानात बसवलं. माझ्या गावचे डॉक्टर सगळे इकडे पळून आले, तू तिकडे जाऊन डॉक्टर हो, म्हणाली. वैद्यकीय कॉलेजच्या आधीची विज्ञानाची वर्षं तिथल्याच विद्यापीठात काढ, म्हणजे माणसं कळतील. आईनं एकदा मनात आणलं की तिच्यापुढे कोणाचं चालत नसे.

गंमत अशी की शिकवणं स्पॅनिशमध्ये आणि जाडजूड पुस्तकं सगळी इंग्रजीत. त्यामुळे संध्याकाळी अर्धा वर्ग तिच्या खोलीत जमायचा. कोणी हिरव्या तुरीचा भात आणायचं, कोणी तळलेली केळी, आणि यारेलिस त्यांना पुस्तकातली पानं उलगडून सांगायची. ती पोरं पास व्हायची. यारेलिस नापास व्हायची, कारण परीक्षेत विचारलं जायचं ते वर्गात तोंडी सांगितलेलं, आणि प्रयोगशाळेत तर सगळे प्रश्न तोंडीच.

"आम्हाला पार करतेस आणि स्वतः बुडतेस, ग्रिंगा," सुलेय्का म्हणाली. अमेरिकेतून आलेल्या पोरीला इथे दुसरं काय म्हणणार. "बाईंना सांगून टाक ना, कळत नाही म्हणून. त्या इंग्रजीत समजावतील."

"तेच तर नकोय मला."

"का गं बाई?"

"एकदा का इंग्रजीत बोलायला लागले सगळे, की मी कायमची पाहुणी."

सुलेय्कानं कपाळाला हात लावला आणि उरलेला भात स्वतःच्या ताटात ओढला.

दुसरं सत्र संपत आलं तेव्हा बेन्गोचेआबाईंनी तिला खोलीत बोलावलं. त्या मुद्दाम हळू बोलल्या, त्यामुळे शब्दन् शब्द कळला आणि म्हणूनच जिव्हारी लागला. या गुणांवर पुढच्या वर्षाला बसवणं कठीण आहे. एकच वाट आहे. गावातल्या इस्पितळात वॉर्डात मदतीला जा. तिथल्या मुख्य नर्स इल्सा माझ्या ओळखीच्या आहेत. पोरीला पेशंटशी बोलता येतं, माणसं कळतात, असं त्यांनी सांगितलं, तर मी तुझ्यासाठी शब्द टाकीन. नाहीतर आईकडे परत जा, त्यात लाज नाही. यारेलिसनं हो, हो म्हटलं.

वॉर्डात तिचं छान बस्तान बसलं. पाणी द्यायचं, उशी सारखी करायची, चाकाची खुर्ची ढकलायची. म्हातारी माणसं बोलत सुटायची आणि ही मान हलवायची. इल्सा तिच्यावर खूश होती. आजकालच्या पोरी मोबाइलमधून डोकं काढत नाहीत, ही बघा कशी ऐकून घेते, असं ती सगळ्यांना सांगायची. ते ऐकून यारेलिसला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि सुटल्यासारखंही वाटायचं.

वॉर्डातले सेलेदोनियो आजोबा वरच्या डोंगरातले, आयुष्यभर कॉफीच्या मळ्यात राबलेले. तोंडात दात नाहीत, शब्दांची शेपटं गिळून बोलायची सवय, आणि त्यात धाप. एका दुपारी त्यांनी तिचं मनगट धरलं आणि बोलायला सुरुवात केली. ती दर वेळेसारखी मान हलवू लागली. पण आज ते थांबून थांबून विचारत होते. तेच तेच काहीतरी, डोळे तिच्यावर रोखून. इल्सा पलीकडच्याच खाटेपाशी होती. हाक मारली असती तर लगेच आली असती. पण मग तिला सगळंच कळलं असतं.

"हो," यारेलिस म्हणाली. "हो, हो."

त्यांनी मनगट सोडलं आणि डोळे मिटले. रात्रीच्या जेवणाआधीच ते गेले.

त्यांची मुलगी मिग्दालिया दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या ओर्लांडोहून आली. अंगावर तिथल्या हॉटेलातल्या नोकरीचाच गणवेश होता, डोळे सुजलेले. इल्सा तिला हाताला धरून खाटेपाशी घेऊन आली. "हीच ती," ती म्हणाली. "शेवटपर्यंत हिच्याशीच बोलत होते. कालच मी हिच्या बाईंना फोन करून सांगितलं, अशी पोर डॉक्टर व्हायलाच हवी."

मिग्दालियानं तिचे दोन्ही हात धरले. "काय म्हणत होते बाबा?"

तुमची आठवण काढत होते, एवढं म्हटलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. तेवढं स्पॅनिश तिला येत होतं. ओठांवर आलंही होतं.

"मला कळलं नाही," यारेलिस म्हणाली.

"म्हणजे?"

"त्यांचं बोलणं मला समजलं नाही. कोणाचंच नीट समजत नाही."

इल्सा तिच्याकडे बघत राहिली. "अगं, पण तू तर हो म्हणत होतीस. मी ऐकलं."

"हो."

मिग्दालिया रिकाम्या खाटेच्या कडेला टेकली. तिला राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं. तिनं चक्क इंग्रजीत विचारलं, जपून, जशी परक्या माणसाची चौकशी करतात तशी. "काहीतरी विचारत होते ना ते?"

"हो. पुन्हा पुन्हा."

"तुझं उत्तर नकोय मला, पोरी. त्यांनी विचारलं काय, तेवढं हवंय." मग जरा थांबून ती म्हणाली, "अर्थ राहू दे. कसं ऐकू आलं, तसं म्हणून दाखव. मला कळेल त्यांचं."

यारेलिसनं प्रयत्न केला. दोन-तीन आवाज आले, मध्ये एक खाच पडली, शेवट उंच गेला. मिग्दालिया डोळे मिटून ऐकत होती.

"पुन्हा."

तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी मधला आवाज वेगळा आला, आणि आधीचा बरोबर होता की हा, ते तिचं तिलाच सांगता येईना.

"पुन्हा," मिग्दालिया म्हणाली.

इल्सा खाटेवरची चादर काढू लागली. नवा पेशंट खाली येऊन थांबला होता. मिग्दालिया उठली आणि दोघी भिंतीशी सरकल्या.

"हळू म्हण. पुन्हा."