स्पॅनिश देवीचा कौल

राजनना 'नाही' म्हणता येत नाही, हे मला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं. 'हो'सुद्धा म्हणता येत नाही, हे कळायला बहारीनला यावं लागलं. ते 'बघू' म्हणतात. भाजीवाल्याने विचारलं भेंडी देऊ का, तर हे म्हणणार बघू. तो बिचारा भेंडी हातात धरून उभा आणि मागची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतायत.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. उम्म अल हस्सममधल्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा एकच विषय होता, परत जायचं की राहायचं. लग्नाआधी मी कणकवलीच्या शाळेत बीजगणित शिकवत होते, आणि चांगलं शिकवत होते. 'दोन वर्षांसाठी जाऊ' म्हणून राजनबरोबर आले त्याला आठ वर्षं झाली होती. माझ्या व्हिसावर हाउसवाइफ लिहिलेलं, म्हणजे नोकरी 'मफी', तिकडच्या अरबीत नाही म्हणजे नाही. मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली होती. आणि त्या वर्षी सासूबाई, म्हणजे आमच्या काशीबाई, कुडाळहून व्हिजिट व्हिसावर आल्या त्या निरोप घेऊनच. शाळेत गणिताची जागा जूनमध्ये रिकामी होत होती. उल्का येणार असेल तर धरून ठेवते, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं होतं.

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की पोळ्या लाटताना मी ओट्यावरच्या पिठात बोटाने समीकरणं मांडत बसायचे आणि तव्यावरची पोळी करपायची.

नेमका तेव्हाच राजनच्या साहेबांनी, व्हिटबींनी, तीन वर्षांचा नवा करार पुढे केला. राजन काय म्हणाले असतील ते सांगायला नको. व्हिटबी दोन महिने त्यांचं 'बघू' ऐकत होते. शेवटी कंटाळून म्हणाले, गुरुवारी हॉटेलात स्पेनची मंडळी नाच करणार आहेत, जेवण आणि ड्रिंक्स तिकिटातच आहेत, सगळ्या घराला घेऊन ये आणि तिथे काय ते सांगून टाक.

"काय सांगणार आहात?" मी साडीला पिना लावताना विचारलं.

"अगं, तिथे गेल्यावर वातावरण कसं आहे ते बघू," राजन म्हणाले. मी पीन बोटात टोचून घेतली.

मुलीला शेजारी ठेवलं आणि निघालो. कंपनीची गाडी आणि ड्रायव्हर गुंडू, हा आमच्याच कोकणातल्या आचऱ्याचा. व्हिटबी दिलदार माणूस, त्यांनी गुंडूलाही आत बोलावलं, पण तो काही टेबलाशी बसेना. दाराजवळच्या खांबाला टेकून उभा राहिला. टेबलावर आम्ही तिघं, व्हिटबी आणि अकाउंट्समधला महमूद. महमूद बहारीनचाच, हिद्द गावच्या जुन्या घराण्यातला, बोलायला फार गोड.

जेवणात पिवळा भात आला, शिंपांसकट तिसऱ्या आणि अख्ख्या कोलंब्या घातलेला. सासूबाईंनी तिसऱ्या उचकटून पाहिल्या, भात हुंगला आणि "खोबरा नाय" एवढा शेरा मारला. पण जेवल्या नीट. फळांचे तुकडे घातलेली लाल दारू काचेच्या जगमधून आली. ती व्हिटबींनी आणि राजननी घेतली. सासूबाई रात्रभर साधं पाणी पीत होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी वाटेल ते बोलून घेतलं.

मग दिवे मंद झाले. सूत्रधाराने सांगितलं की मन हेलावलं की मोठ्याने 'ओले' म्हणायचं, लाजायचं नाही. एक जण गिटार घेऊन बसला. दुसरा उभा राहून गायला लागला, तो गळ्याच्या शिरा ताणून असा गायला की वाटावं घरात नुकतंच कोणी गेलंय. आणि नाचणारी आली. काळा घेरदार झगा, कपाळाला आठ्या, दोन्ही कानांवर एकेक लाल फूल. तिने हात वर केले, डोळे मिटले आणि लाकडी चौथऱ्यावर टाचा आपटायला सुरुवात केली. आमच्या टेबलावरचे ग्लास थरथरायला लागले.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. डोक्यावर पदर घेतला. चपला काढल्या.

"राजन," त्या म्हणाल्या, "हिच्या अंगात इला."

"आई, ती नाचतेय."

"माका शिकवू नको. अवसार खेळताना मी जल्मभर बघलंय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे देवळात एखाद्याच्या अंगात देव येतो, त्याला अवसर म्हणतात. तो घुमतो, पाय आपटतो, आणि त्या वेळी त्याला प्रश्न विचारला तर देव उत्तर देतो. आता त्या बाईकडे बघून मला स्वतःलाच ठाम काही म्हणता येईना. घाम, मिटलेले डोळे, सुटत चाललेले केस, बाजूला टाळ्यांचा ठेका धरणारी दोन माणसं. सगळं कुडाळच्या जत्रेतलंच होतं, फक्त माणसं गोरी.

"आई, तिला पगार मिळतो ह्याचा," राजन दात आवळून म्हणाले.

"भटजीक नाय गावत?"

व्हिटबींनी विचारलं, काय चाललंय. आता साहेबाला टाळायचं कसं, म्हणून मी सांगितलं. व्हिटबींनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, मग विचारा ना प्रश्न, आपल्याला एक उत्तर हवंच आहे.

सासूबाईंना अडचण एकच होती. देवी परमुलखातली, तिला मालवणी कशी येणार? थोडा विचार करून त्यांनी तोडगा काढला. बोलता येत नसेल तर कौल देईल. देवळात मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवतात, प्रश्न घालतात आणि वाट बघत बसतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. इथे तर फुलं आधीच लावलेली होती. उजवं पडलं तर राजनने घरी जायचं, डावं पडलं तर इथेच राहायचं. प्रश्न घातल्यावर कौल मिळेपर्यंत कोणी खायचं नाही आणि उठायचं नाही.

व्हिटबींनी काटा खाली ठेवला. महमूदने तोंडातला घास घाईने गिळला. वेटर कोलंबीची दुसरी परात घेऊन आला, त्याला व्हिटबींनी हातानेच परत पाठवलं.

"पण उजवं म्हणजे कोणाचं?" महमूदने विचारलं. "आपलं की तिचं?"

"देवाचो उजवो," सासूबाई म्हणाल्या. मी भाषांतर केलं.

तेवढ्यात बाईने गिरकी घेऊन पाठ फिरवली. व्हिटबी गोंधळले. त्यांनी नॅपकिनवर तिचं डोकं काढलं, दोन कान काढले, बाण काढले. राजननी खिशातलं पेन काढून त्यातला एक बाण दुरुस्त केला. दोघंही इंजिनिअर. मी कपाळाला हात लावला.

खरं सांगू? मीही बघत होते. बीजगणित शिकवणारी बाई मी, आणि माझी जूनची नोकरी एका परक्या बाईच्या केसातल्या पिनेवर लटकलेली, आणि मी मनात म्हणत होते पड, पड गं बाई, उजवं पड. उजवं फूल सैल झालं. कानावर लोंबायला लागलं. महमूदने माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, हिद्दला घराला वरचा मजला चढवायचाय, तेवढंही ह्यातच विचारता येईल का? सासूबाई म्हणाल्या एका कौलाला एकच प्रश्न. महमूद इंशाल्ला म्हणून गप्प बसला.

आणि गाणं संपलं. बाई वाकली, लोक ओले ओले ओरडले, फूल लोंबतंय ते लोंबतंयच. सूत्रधार मध्यंतराचं सांगायला लागला.

"कौल अडकलो!" सासूबाई उठल्या. अनवाणी चालत थेट चौथऱ्यासमोर गेल्या, पदर पसरला आणि देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"माये म्हाराजा! तू खयची, खयच्या मुलखातली, ता आमका ठावक नाय!"

गाऱ्हाण्याला जमलेल्या लोकांनी साथ द्यायची असते. दाराजवळच्या खांबापासून गुंडूचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" त्याचा काही दोष नाही. आचऱ्याचा माणूस गाऱ्हाणं ऐकून गप्प राहूच शकत नाही.

"पण आज ह्या लेकराचो प्रश्न तुझ्या पायार घातलंय!"

"व्हय म्हाराजा!" आता व्हिटबीही होते. महमूद होता. शेजारच्या टेबलावरची माणसंही होती. ओलेपेक्षा हे त्यांना भारदस्त वाटलं असणार.

"तेका घराक जावचा आसात तर उजवो दी! हय ऱ्हवाचा आसात तर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल गरजला. गिटारवाल्याने तो ठेका उचलला. बाईला काय वाटलं कोण जाणे, पण म्हातारीचा मान राखून ती पुढे आली आणि सासूबाईंच्या समोर, एकटक त्यांच्या डोळ्यांत बघत, चौथरा फुटेल अशा टाचा आपटायला लागली. एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि उजवं फूल सुटून सासूबाईंच्या पायाशी पडलं.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला शाळेचा फळा दिसत होता, खडूचा वास येत होता, आणि रडू येत होतं. व्हिटबींनी सहीसाठी आणलेला करार घडी करून कोटात ठेवला आणि हसून म्हणाले, राजन, खलास, बाईसाहेबांपुढे मी काय बोलणार, सुखाने जा.

राजन उठले. वाटलं, आईला धरून आणायला चाललेत. ते चौथऱ्याजवळ गेले. सूट, टाय, घामाने ओलं कपाळ. आणि त्यांनी हात जोडले.

"माये म्हाराजा," राजन म्हणाले. आठ वर्षांत मी त्यांच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती, आईशीसुद्धा ते पुस्तकी बोलायचे. "ता चुकान पडला. परत एकदा बघ. डावो दी, माये. डावो दी."

गुंडूने सवयीने "व्हय म्हा" एवढं म्हटलं आणि तोंड मिटलं.

बाकीच्यांना हाही खेळाचाच भाग वाटला. ते टाळ्या वाजवत राहिले. बाईने मात्र समोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाकडे नीट पाहिलं. कानावरचं डावं फूल स्वतःच्या हाताने काढलं, राजनच्या जोडलेल्या हातांत खोचलं आणि त्यांच्या गालावर थोपटलं.

सासूबाईंनी पायाशी पडलेलं उजवं फूल उचलून चौथऱ्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "दिल्यान. तुका व्हया होता ता दिल्यान. आता बस, भात निवलो."

टेबलाशी परत आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला जायचंच नव्हतं?"

राजन फुलाकडे बघत मान हलवत राहिले. "मला इथे बरं वाटतं, उल्का. मला तिथे गुदमरतं. पहिल्यापासून."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

वाटलंच असतं. एकदाच वाटलं असतं, मी चार दिवस भांडले असते, आणि पुढे काय करायचं ते ठरवलं असतं. ते दुःख ह्या माणसाने मला आठ वर्षं थोडं थोडं करून वाढलं, आणि वर समजत राहिला की आपण बायकोला जपतोय. स्पेनच्या अनोळखी बाईपुढे हात जोडता आले, माझ्यासमोर नुसतं बसून बोलता आलं नाही. मला इतका संताप आला की मी समोरच्या थंड भाताचे चार मोठे घास खाल्ले.

मग मी व्हिटबींना म्हणाले, करार बाहेर काढा. माझे मिस्टर राहणार आहेत, तीन वर्षं. एवढीच दुरुस्ती करा, फॅमिली अकोमोडेशन लिहिलंय तिथे बॅचलर लिहा. मी मुलीला घेऊन जूनच्या आधी कणकवलीला चाललेय.

व्हिटबींचा चेहरा पडला. ते राजनकडे बघत राहिले, राजन माझ्याकडे. सासूबाईंनी इंग्रजीतलं कणकवली तेवढं ओळखलं, पायात चपला सरकवल्या आणि माझी खुर्ची धरून म्हणाल्या, "माझा तिकीट हिच्यावांगडा काढा."

व्हिटबींनी एक शब्द खोडून त्यावर दुसरा लिहिला आणि कागद पुढे सरकवला. राजननी फूल ताटाच्या कडेला ठेवलं आणि सही केली.