पिंजारगल्लीतली नाली

पोटची पोरगी बिस्मिल्ला पटकीनं गेली त्या दिवशी अमीरबी रडली नाही. लग्न ठरलेल्या पोरीला माती देऊन पुरुष परतले, तशी ती उठली आणि गल्लीच्या विहिरीवर जाऊन उभी राहिली. कठड्याला लागून उकंडराव पाटलाच्या घरची नाली वाहत होती. गोठ्याचं, न्हाणीचं, संडासाचं, सगळं पाणी तिच्यातून येई आणि कठड्याच्या भेगांतून विहिरीत झिरपे.

आधी ही नाली पाटलाच्याच परसबागेत जायची. त्यानं मागच्या अंगाला नवी बैठक बांधली आणि पाहुण्यांना वास यायला लागला. गावच्या सफाई पंचायतीचा सरपंच तोच. त्यानं नाली फिरवून पिंजाऱ्यांच्या गल्लीत सोडली. अमीरबी तेव्हाच त्याच्या दारी गेली होती.

"पाटील, आमच्या प्याच्या पान्यात तुमची घाण येऊन राह्यली."

"पानी उताराकडंच जाते, अमीरबी. उतार तुमच्याकडं हाय, त्याले मी काय करू?" असं म्हणून तो हसला होता.

ते हसू आता तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

धाकटा दीर वहाब म्हणाला, "भाभी, मेहकरले तहसीलदाराकडं अर्ज देऊ."

"पिंजाऱ्याच्या अर्जावर कोन येते बे? पाटलानं बोलावलं त साहेब धावत येईन. मी पाटलालेच बोलवाले लावते."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, सगळ्या गल्लीदेखत, तिनं नाली बुजवली. खाली दगड, वर चिकणमाती, आणि फटीफटीत पिंजणातला टाकाऊ कापूस ठासून भरला. आयुष्यभर गाद्या भरलेले हात होते ते; थेंब सुटला नाही. संध्याकाळपर्यंत घाण उलटी फिरून पाटलाच्या अंगणात चढली आणि पुढं बैठकीत शिरली. गडी बांध फोडायला आला, तर अमीरबी बांधावरच बसली होती. बाईच्या अंगाला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

तहसीलदाराचा दौऱ्यातला मुक्काम तेव्हा जवळच दुसरबीडला होता. उकंडराव घोडीवर बसून गेला आणि साहेबाला घेऊनच आला.

"नाली तू बुजवलीस?" साहेबानं विचारलं.

"हाव साहेब. याच पान्यानं माही पोरगी गेली."

"साहेब, पटकी काय एका गल्लीले येते?" उकंडराव म्हणाला. "विहीर चांगली हाय. मी सोता पाह्यली."

अमीरबी उठून उभी राहिली. "मंग पाटलानं याच विहिरीचं घोटभर पानी प्यावं. मी माह्या हातानं नाली मोकळी करते, साहेब देतीन ते शिक्षा घेते."

"पिंजाऱ्याच्या हातचं पानी मी पिऊ?"

"माह्या हातचं नका पिऊ. तुमच्या गड्यानं काढावं, तुमच्याच घरच्या भांड्यात."

साहेबानं मान डोलावली. तेवढ्यात चिखलातून पाय उचलत पाटलाची बायको मनकर्णाबाई आली. नाली फिरवू नका म्हणून तिनं नवऱ्याला परोपरीनं सांगितलं होतं. घरचा पितळी गडवा तिनं गड्याच्या हातात दिला.

गड्यानं पाणी काढलं. उकंडरावानं गडवा ओठांजवळ नेला आणि तसाच थांबला.

"प्या, पाटील," अमीरबी म्हणाली. "माही बिस्मिल्ला रोज प्याची."

त्यानं गडवा खाली ओतला. मान वर न करता तो म्हणाला, "साहेब, नाही होत."

सरपंचकी तिथंच गेली. नाली स्वतःच्या खर्चानं परत बागेत न्यायची, विहीर उपसून द्यायची, आणि ते होईपर्यंत बांध हलवायचा नाही, असा साहेबाचा हुकूम झाला. काम संपेपर्यंत बैठकीच्या मातीच्या भिंती पायापासून भिजल्या आणि एके दुपारी धडाधड बसल्या. अमीरबी दारात उभी राहून ते बघत होती. काळजाला गार वाटलं. पण पोटभर नाही.

पुढं उकंडराव एकटाच तिच्या दारी आला. ती पिंजत होती.

"चुकलं माह्यं, अमीरबी. माफ कर."

तिनं पिंजण थांबवलं. "त्या दिवशी तुम्ही प्यावं, असं मले लई वाटलं होतं, पाटील. अजूनही वाटते."

तिनं पुन्हा पिंजणाच्या ताणलेल्या तातेवर ठोका मारला आणि उडत्या कापसात तो दिसेनासा झाला.