दोन पावलांचा डोंगर

मी डोंगर बोलतोय. खरा नव्हे, नाटकातला. उंची आठ फूट, हाडं बांबूची, कातडी जुन्या तंबूच्या कापडाची आणि पायांत चार चाकं. त्या चाकांनी मला नाव मिळवून दिलं, आणि पापही त्यांनीच करवलं.

माझा जन्म नवीन पनवेलच्या एका सोसायटीच्या पार्किंगमधला. नीताताई शाळेत मराठी शिकवतात आणि रविवारी चार-पाच कलाकारांना टेम्पोत कोंबून गावोगाव नाटक नेतात. यादवांच्या काळातल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या विनोदी गोष्टी त्या करतात. माझ्या माथ्यावरच्या झाडीसाठी त्यांनी स्वतःची हिरवी साडी फाडली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र मला अडगळ समजून दोनदा नोटीस चिकटवली.

माझी गोष्ट अगदी सोपी. डोंगरामुळे गावात ऊन उशिरा येतं, म्हणून गावचा पाटील डोंगरच ढकलायचं ठरवतो. सगळे ढकलतात, दमतात आणि तिथेच आडवे होतात. ते घोरत असताना मी गुपचूप दोन पावलं सरकतो. पाटील जागा होतो आणि छाती फुगवून सांगतो, "बघा, माझ्या हातानं सरकला!" खरं तर माझ्या पोटात प्रणित नावाचा कलाकार बसलेला असतो. तो ढकलतो, मी सरकतो. त्या दोन पावलांवर कर्जतपासून पेणपर्यंत माणसं पोट धरधरून हसली. मला त्या हसण्याची चटक लागली, खोटं कशाला बोलू?

मग गेल्या माघात एका नव्या वसाहतीत प्रयोग ठरला. विमानतळासाठी उठलेलं गाव तिथे येऊन राहिलं होतं. त्या गावाला डोंगर होता. तो सुरुंग लावून सपाट केला. प्रणित त्याच गावचा. टेम्पोत चढताना तो म्हणाला, "मॅडम, आज दुसरी गोष्ट करू या का?"

"अरे, सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट ही. कोणाला कशाला लागेल?" ताई हसत म्हणाल्या. त्यानं खरं कारण सांगितलं नाही.

कारण पुढच्याच रांगेत येऊन बसलं. त्याचे वडील, कमळाकर. मुलाचं नाटक ते पहिल्यांदाच बघत होते. गाव सोडायच्या संमतीपत्रावर पहिली सही त्यांची होती. पोरांचं भलं होईल म्हणून केलेली. पण डोंगर गेला तेव्हापासून गाव त्यांनाच बोल लावायचं. बापलेकांत यावर एका शब्दानंही बोलणं झालेलं नव्हतं.

दुपारी चारला वसाहतीतल्या ओट्यावर प्रयोग सुरू झाला. पाटील झालेल्या शकीलनं बाह्या सरसावल्या आणि तो गरजला, "पहिला हात मी लावतो!"

मागच्या रांगेतून त्याच गावचा म्हातारा विठू ओरडला, "ओ पाटील, तुमी बसा! कमळाकरला बोलवा. पयला हात त्याचा हाय!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! असा हशा मी जन्मात ऐकला नव्हता.

पुढे सगळे घोरायला लागले, माझी वेळ आली. पण प्रणित ढकलेना. त्यानं आत पाय रोवले, बांबू घट्ट धरून ठेवला. ओटा पुढच्या बाजूला जरा उतरता होता. मला थांबता आलं नसतं, असं चाकं अजून म्हणतात. पण मी तुम्हाला खरं सांगतो, मला थांबायचंच नव्हतं. अजून एक हशा हवा होता. मी प्रणितला फरफटत निघालो. दोनाची पाच पावलं झाली आणि थेट कमळाकरांसमोर, ओट्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. लोक त्यांच्या नावानं शिट्ट्या मारत होते. ते मान खाली घालून बसले होते. एवढ्या जवळून मला ते दिसायला नको होतं.

शकीलनं कसाबसा प्रयोग उरकला. माणसं पांगली. प्रणित माझ्या पोटातून बाहेर येईना. शेवटी कमळाकर ओट्यावर चढले आणि कापड उचलून वाकले.

"घरा चल."

"बाबा, मी नाय ढकलला. आपोआप गेला तो."

कमळाकरही आत येऊन त्याच्याशेजारी बसले.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "मीबी नव्हता ढकलला."

आणि तिथेच, माझ्या पोटात, बापलेक रडले. हसायला दोनशे माणसं होती. हे ऐकायला त्यांतलं एकही उरलं नव्हतं.

आता मी पुन्हा पार्किंगमध्ये आहे, दोन स्कूटरींच्या मधोमध. ताईंनी ती गोष्ट बंद केली आणि माझी चाकं काढून ठेवली. बरं केलं.

तुम्ही कधी त्या वसाहतीत गेलात, तर विठूला गाठा. त्याला सांगा, पहिल्या हातानं डोंगर हलत नाही. मी डोंगर आहे. मला कोण हलवतं, ते मला आतून कळतं. आणि कमळाकरांना सांगा, त्या दिवशी मी थांबायला हवं होतं.